चेहरा तेवढा बदला

मी उभ्या उमेदीत लोकांच्या नाकाडोळ्यांवर हात फिरवला. फोटो स्टुडिओत रिटचर होतो. हा शब्द आता निम्म्या लोकांना कळत नाही, म्हणून आधी तेवढं सांगतो.

फोटो निगेटिव्हवर यायचा तेव्हाची गोष्ट. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. गोरं ते काळं, काळं ते पारदर्शक. गालावर देवीचा वण असेल तर तिथं स्वच्छ ठिपका दिसतो. सुईसारखं टोक काढलेल्या शिसपेन्सिलीनं त्या ठिपक्यात शिसं भरायचं, की छापताना वण गेला. भुवई दाट करायची असेल तर पात्यानं निगेटिव्हचा थर हलकेच खरवडायचा. त्याहून मोठं काम असलं तर ब्रोमाइडवर, म्हणजे मोठ्या कागदावर छापलेल्या प्रतीवर, ब्रशनं करायचं. हात जरा हलला की माणूस चकणा झाला. सोलापुरात नव्या पेठेतल्या एका स्टुडिओत उत्तरेच्या खिडकीशी माझं उतरतं टेबल होतं. सत्तरच्या दशकातली बहुतेक वर्षं मी त्यावर वाकून काढली. आता माझा मुलगा कलर लॅब चालवतो आणि माझं दिवसभराचं काम संगणकावर चहा पिता पिता करतो.

दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, "धंद्यातल्या गमती लिहा." गमती आहेत, त्या लिहितोच. पण त्यांच्यामागून एक गोष्ट येणार आहे, ती मी बायकोलाही गेल्या वर्षीच सांगितली.

आधी गंमत. मंगळवेढ्याकडून एक बाई आली, सोबत दीर. नवरा वारलेला, त्याचा फोटो कधी काढलाच नव्हता. "ह्येंला बसवा," दिराकडं बोट करून म्हणाली, "आन् त्येंचा काडा." दिराचा फोटो घेतला, ब्रोमाइड काढलं आणि तिला शेजारी बसवून मी कामाला लागलो. नाक रुंद केलं. मिशी दिली. कपाळ वाढवलं. ती सांगत होती, "कान मोठं हुतं, आजून मोठं." झालं एकदाचं. बराच वेळ बघून म्हणाली, "त्येच हायती. पर असं हसून कवा बगत हुते माज्याकडं? जरा रागीट करा की." मी भुवया जवळ आणल्या. तशी तिनं पटकन पदर डोक्यावरून पुढं ओढला. एवढं मोठं सर्टिफिकेट मला पुन्हा मिळालं नाही.

आमचे मालक काशीनाथअण्णा मूळचे मैंदर्गीचे. घरात कानडी, दुकानात मराठी, राग आला की दोन्ही. कॅमेऱ्यामागं तेच असायचे. पण स्टुडिओ पासपोर्ट फोटोंवर चालत नव्हता, कॅलेंडरांवर चालायचा. चादरीवाले, बिडीवाले, तेलवाले, सगळ्यांना नव्या वर्षाला गिऱ्हाइकाच्या भिंतीवर आपलं नाव हवं असायचं. चित्र कुणाचं, यावर अण्णांचं मत ठाम होतं. "देव दिला तर माणूस नमस्कार करून जातो. बाई दिली तर तारीख बघायला पुन्हा येतो."

आता बाई कुठून आणायची? घरंदाज मुलगी कॅलेंडरला बसत नाही, असं गावात सगळे म्हणायचे. प्रत्यक्षात बसायच्या त्या सगळ्या घरंदाजच असायच्या. म्हणून धंद्यात एक रीत पडली होती. बाईनं उभं राहायचं, रिटचरनं चेहरा बदलायचा. अंग तिचं, कपडे तिचे, उभं राहण्याची ऐट तिची, फक्त नाक, ओठ, डोळे आमचे. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण यावर सगळा विश्वास टिकून होता. कॅलेंडर तिच्या बापाच्या डोक्यावर टांगलेलं असलं तरी त्याला कळू नये, ही रिटचरची कसोटी.

तिचं नाव इथं शकुंतला म्हणतो. शहराच्या पूर्वभागातल्या विणकर घरातली, घरी तेलुगू बोलणारी, बावीस-तेवीस वर्षांची. वडील गेलेले, आई बिड्या वळायची, धाकटा भाऊ यंत्रमागावर. ही शिवणकाम करायची. आमच्या स्टुडिओचे पडदे शिवायला आली होती. पोझ बघायला अण्णांनी रद्दीतून जुनी विलायती मासिकं आणून ठेवली होती. त्यांत तोकडे कपडे घातलेल्या, केसांचे फुगे काढलेल्या, मोटारीच्या टपावर बसलेल्या मडमा. आम्ही पुरुषमाणसं ती चित्रं बघायचो तशी बघायचो. शकुंतलेनं पडद्याचं माप घेता घेता एक पान पाहिलं आणि टेप गळ्यात टाकून खाली बसली.

"मास्तर, हिनं श्वास धरलाय बघा. सोडला की बटन तुटंल."

"कशावरून?"

"झंपर ओढ खातंय की. मागनं पिना मारल्यात हिला. पुढनं चापूनचोपून, मागनं गबाळं." मग पान तिरकं धरून म्हणाली, "आणि पाय बघा. टाचा उचलल्यात, पण भार दिसू दिला न्हाय. लई हुशार बाई हाय."

मी ती मासिकं दोन वर्षं बघत होतो. मला पिना दिसल्या नव्हत्या.

अण्णांनी विचारलं, "तू राहशील काय गं अशी उभी?"

तिनं थोडा विचार केला. "राहते की. पण चेहरा तेवढा बदला."

"बदलतो. हा दत्तू मग कशाला ठेवलाय?"

पुढची तीन वर्षं शकुंतला आमची कॅलेंडरची बाई होती. मी नंतर पुष्कळ फोटो पाहिले, पुष्कळ मुली कॅमेऱ्यासमोर पाहिल्या. तिच्यासारखं काम करणारी पाहिली नाही. गिरणीचे कटपीस आणून स्वतःच कपडे शिवायची. कुठल्या कापडावर कुठला दिवा चमकेल हे तिला अण्णांच्या आधी कळायचं. आमचा कॅमेरा जुना, उघडझाप सावकाश, हलून चालायचं नाही. बाकीच्या मुली श्वास धरून उभ्या राहायच्या आणि खांबासारख्या दिसायच्या. ही हलायची. हलता हलता नेमक्या क्षणी थांबायची, अण्णांनी शटरचा रबरी फुगा दाबला की पुन्हा हलायला मोकळी. फोटोत वाटायचं, ही आत्ता येऊन आत्ता निघालीय.

आणि मी तिचे चेहरे बदलत राहिलो. एका वर्षी नाक अपरं केलं. एका वर्षी ओठ पातळ केले, गालावरची खळी बुजवून हनुवटीवर तीळ काढला. एक केसांच्या तेलाचा कारखानदार आला. त्याला केस घोट्यापर्यंत हवे होते. दिले. पुन्हा आला, "थोडे जमिनीवर लोळू द्या." अण्णा म्हणाले, "मग तेल कशाला, केरसुणी विका की." अक्कलकोटचा एक चादरवाला. त्याला बाई आधुनिक हवी होती, पण गुडघा दिसलेला चालणार नव्हता. मी गुडघ्यावर त्याची चादर रंगवली. तो चष्मा लावून म्हणाला, "मोराचा तुरा पाच पिसांचा असतो आमच्या मालात. तुम्ही चारच काढली." बाईकडं त्यानं पाहिलंही नाही.

शकुंतला येऊन हसत सांगायची, "मास्तर, आमच्या तम्मुडूच्या खात्यात टांगलंय." तम्मुडू म्हणजे धाकटा भाऊ, खातं म्हणजे त्याचा यंत्रमागाचा कारखाना. "माग चालवता चालवता बघतो आणि मला म्हणतो, अक्का, ही बाई मद्रासची हाय. हितल्या बायका अशा नसतात."

मग मोटरसायकलच्या सुट्या भागांचा एक व्यापारी आला. त्याला मोटरसायकलवर बसलेली बाई हवी होती, "पण नुसती बसलेली नको, वारं पाहिजे." इथं सलीमला आणावं लागतं. सलीम एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. सगळं सोलापूर बेलबॉटममध्ये शिरलं असताना हा पठ्ठ्या पायाला चिकटलेली तुमान घालायचा आणि क्रीम लावून कपाळावर कोंबड्याच्या तुऱ्यासारखा फुगा काढायचा. रेल्वेच्या एका ड्रायव्हरनं गाव सोडताना विकलेल्या जुन्या अमेरिकन रेकॉर्डी याला मिळाल्या होत्या. रॉक अँड रोल. तसे फुगेवाले आणखी तिघे-चौघे होते, रविवारी एकाच मोटरसायकलला पाळीपाळीनं पुसायचे. पोरं त्यांना मागच्या जमान्याचे म्हणून चिडवायची. सलीम म्हणायचा, "नया पुराना क्या मास्टर, पाँव हिलना होना बस."

त्याची मोटरसायकल चौघांनी उचलून स्टुडिओच्या पायऱ्या चढवली. शकुंतलेनं सलीमच्या तुमानीवरून कागद कापून तशीच स्वतःला शिवली होती. वर ठिपक्यांचा सदरा कमरेला गाठ मारून, डोक्याला त्याच कापडाचा रुमाल, कपाळावर फुगा. मागून अकरा पिना मी मोजल्या. सलीम कोपऱ्यात वाजवत बसला. ती गाडीवर बसून खांद्यानं ताल धरायची, आणि ताल जिथं क्षणभर सुटतो तिथं थांबायची. चार फोटो झाले. पाचव्याला सलीमची तार तुटली. टण्णकन आवाज झाला आणि शकुंतला हसली. कॅलेंडरसाठी नव्हे, खरंच हसली. अण्णांनी रबरी फुगा दाबला.

ओली निगेटिव्ह उजेडाला धरली तेव्हाच मला कळलं. ब्रोमाइड काढून टेबलावर लावलं. एक डोळा हसताना बारीक झालेला. पुढचा दात थोडा तिरका. गालाची खळी एका बाजूला जास्त खोल. धंद्याच्या हिशेबानं ही तिन्ही कामं माझी. मी ब्रश उचलला आणि ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा उचलला आणि ठेवला. मग सदऱ्याला लाल रंग दिला, ओठांना दिला, मागं घाटाचा रस्ता रंगवला. चेहऱ्याला हात लावला नाही.

अण्णांची दृष्टी तेव्हा कमी झाली होती. "दत्तू, तोंडाचं केलंयस नव्हं?"

"केलंय."

ब्रोमाइड दक्षिणेतल्या छापखान्यात गेलं.

त्या वर्षी शकुंतलेला एका महिला मंडळाच्या शिवणवर्गावर शिकवण्याचं काम मिळालं होतं. हंगामी, पण नव्या वर्षात कायम करणार होते. घरात पहिल्यांदाच कुणाला बाई म्हणत होते. ती आम्हाला म्हणाली होती, "हे शेवटचं कॅलेंडर, मास्तर. आता मी शिक्षिका." हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी ते केलं.

भावानं सलूनमध्ये पाहिलं. अर्ध्या तोंडाला साबण होता, तसाच खुर्चीवरून उठला आणि कॅलेंडर भिंतीवरून ओढून घरी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी शकुंतला स्टुडिओत आली. कॅलेंडर माझ्या टेबलावर पसरलं.

"मास्तर, हे काय?"

अण्णा गावी गेले होते. मी एकटाच. तेव्हा मी जे बोललो ते शब्दशः लिहितो, कारण हे लिहायलाच बसलो आहे. मी म्हणालो, "छापखान्यानं घोळ घातला. मी दोन प्रती रंगवल्या होत्या, चेहरा बदललेली बाजूला राहिली. मूळ चेहऱ्याची छापली त्यांनी."

तिनं विश्वास ठेवला. विश्वास ठेवून वर माझी समजूत काढली. "तुमी तरी काय करणार? तोंड असं नका करू." मग खुर्ची ओढून बसली. रडली वगैरे नव्हती. तिनं सगळं ठरवूनच आणलं होतं. मंडळाच्या मुख्य बाईंनी कॅलेंडर पाहिलं होतं. उद्या अकरा वाजता कमिटी बसणार होती.

"तुमी या, मास्तर. ब्रश घेऊन या. त्यांना सांगा, कॅलेंडरच्या बाईचा चेहरा आमी बनवतो, ही कुणीच न्हाय. करून दाखवा की समोर. त्या मंगळवेढ्याच्या बाईचा मेलेला नवरा बनवला तुमी, हे काय अवघड हाय? माझ्यासाठी तेवढं एक खोटं बोला."

मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ब्रशांची पेटी घेऊन निघालो. ब्रश न लागलेली दोन ब्रोमाइडं घेतली. मंडळाच्या फाटकापर्यंत गेलो. आत शिलाई मशीनं चालू होती. एक बाई बाहेर आल्या, "कोण पाहिजे आपल्याला?" मला एकदम वाटलं, या आता मूळ फोटो मागतील. छापखान्याला पत्र टाकतील. माझं कालचं खोटं शकुंतलेसमोर उघडं पडेल. मी म्हणालो, "चुकून आलो," आणि परत फिरलो. स्वतःसाठी खोटं बोलायला मला एक क्षण लागला नव्हता. तिच्यासाठी एक बोलायचं होतं, ते जमलं नाही.

संध्याकाळी सलीम आला. तो तिच्यासोबत गेला होता, बाहेरच्या ओट्यावर बसून होता. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. टेबलाशी उभा राहून म्हणाला, "मास्टर, वो तीन बार बोली. आतेच हैं, दस मिनट रुको. तीन बार." त्यानंतर त्यानं आमच्या स्टुडिओत पाय ठेवला नाही.

वर्ग गेला. भाऊ म्हणाला, घरात राहा, पण उंबऱ्याबाहेर दिसायचं नाही. शकुंतला मशीन घेऊन लातूरला मावशीकडं निघून गेली. ते कॅलेंडर मात्र असं चाललं, की व्यापाऱ्यानं पुन्हा छापून घेतलं. गावोगावच्या स्टुडिओंनी तशी पोझ उचलली. माझ्या हाताचं कौतुक झालं, मीही ते ऐकून घेतलं. आणि खरं सांगायचं तर चित्र कौतुकाचंच होतं. त्या चेहऱ्यात माझं काही नव्हतं, एवढंच कुणाला माहीत नव्हतं.

गेल्या वर्षी सलीमची गाठ पडली. वाद्यं दुरुस्त करतो, तुरा गेला, टक्कल आलं. त्याच्याकडून पत्ता घेतला आणि लातूरची एसटी धरली. स्टुडिओ बंद झाला तेव्हा एक निगेटिव्ह मी घरी आणली होती. ती सोबत घेतली.

छोटं दुकान. आतल्या खोलीत पाच-सहा मुली मशीनवर. "बाई, काज असं का?" अशी हाक ऐकू आली आणि मला दारातच थांबावंसं वाटलं. शकुंतलेनं ओळखलं. "मास्तर! या की, बसा." केस अर्धे पांढरे. मी पूर्वी तिला अगंतुगं करायचो. त्या दिवशी तोंडातून अहोजाहोच आलं. बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं.

तिनं मशीनच्या सुईतला दोरा काढून टाकला.

"म्हणजे छापखान्याचं काय नव्हतं?"

"नाही."

"मी इतकी वर्षं त्यांना शिव्या घातल्या की." मग, "आणि त्या दिवशी?"

"फाटकापर्यंत आलो होतो."

"का केलं पण असं? चेहऱ्याचं."

मी वीस-बावीस वर्षं हे उत्तर घेऊन फिरत होतो. "दुरुस्त करावं असं त्यात काही सापडलं नाही."

मला वाटलं होतं, निदान हे ऐकून ती थोडी निवळेल. ती निवळली नाही. म्हणाली, "मला विचारायचं की."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"व्हय. न्हायच म्हणले असते. म्हणून तर विचारायचं."

मी पिशवीतून निगेटिव्ह काढली. म्हणालो, ही तुमची. आणि मी हे लिहीन म्हणतो एका दिवाळी अंकात. संपादक फोटो मागतात. तुम्ही हो म्हणाल तरच. लेखसुद्धा.

ती दाराच्या उजेडाला गेली. निगेटिव्ह दोन बोटांत धरून वर केली. काळा चेहरा, पांढरे केस, मोटरसायकल. आतल्या मुली काम थांबवून बघायला लागल्या. तिनं त्यांना नजरेनंच बसवलं.

"अकरा पिना होत्या," ती म्हणाली. "एक रुतत होती. फोटोत कळत न्हाय."

"नाही कळत."

तिनं कापडाची मोठी कात्री घेतली. आठ आण्याच्या नाण्याएवढा चेहरा, त्याच्या कडेनं सावकाश, गळ्याची गोलाई कापतात तसा कापून घेतला. बटणांच्या डबीत टाकून झाकण लावलं. उरलेली निगेटिव्ह माझ्या हातात दिली.

"लिहा," म्हणाली. "आणि हे छापा. मोटरसायकल चांगली आलीय."